फर्नेसच्या डक्टला एचआरव्ही जोडताना रिटर्नमध्ये भोक नेमकं कुठे पाडायचं?

तळघरवासी (धागाकर्ता)

मंडळी, घर ब्रॅम्प्टनला (कॅनडा, ओंटारियो). दुमजली, २१०० चौरस फूट, चार बेडरूम, खाली बेसमेंट. गॅस फर्नेस (हवा तापवून डक्टमधून घरभर फिरवणारी भट्टी) ८०,००० बीटीयूची, दोन टप्प्यांची, पंख्याला ईसीएम (कमी वीज खाणारी) मोटर, डोक्यावर एसीची कॉइल. बांधकाम १९९८ चं, त्यामुळे एचआरव्ही (शिळी हवा बाहेर टाकताना तिच्या उष्णतेने बाहेरून येणारी ताजी हवा तापवणारं यंत्र) मुळात नाही. जानेवारीत खिडक्यांच्या तळाशी पाणी आणि चौकटींवर काळी बुरशी.

आता एचआरव्ही घेतला आहे. सहा इंची चार तोंडं, कमाल १५० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). पुस्तिकेत जोडणीच्या तीन आकृत्या आहेत आणि तिन्ही चालतील असं लिहिलंय. प्रश्न असे:

१. ताजी हवा फर्नेसच्या रिटर्न डक्टमध्ये (घरातली हवा फर्नेसकडे परत आणणारा डक्ट) सोडायची तर फर्नेसपासून किती लांब?
२. घरातली हवा ओढायची कुठून, बाथरूममधून की त्याच रिटर्नमधून?
३. एचआरव्ही चालू असताना फर्नेसचा पंखा चालू असलाच पाहिजे का?
४. दोघांची वायर कशी जोडायची?

बेसमेंटचं छत उघडं आहे, त्यामुळे खाली वाटेल ते करता येईल. वरच्या मजल्यावरच्या भिंती फोडायची तयारी नाही.

सदाशिव_पेठ_सोडून

खिडकी उघडा. प्रश्न क्र. १ ते ४ निकालात.

(हलके घ्या.)

एडमंटनकर

उणे तिसात खिडकी उघडून दाखवा, मग पुन्हा बंद होते का तेही कळवा. चौकटीत बर्फ धरतो.

रिटर्नराव

तिन्ही आकृत्या बरोबरच आहेत, पण तिन्हींचं काम सारखं नाही.

पहिली, स्वतंत्र डक्ट. बाथरूम आणि स्वयंपाकघरातून हवा ओढायची, बेडरूममध्ये सोडायची, फर्नेसशी काही संबंध नाही. उत्तम, पण भिंती फोडाव्या लागतात. तुमच्यासाठी बाद.

दुसरी, अर्धी स्वतंत्र. हवा ओढायची बाथरूममधून स्वतंत्र डक्टने, ताजी हवा सोडायची फर्नेसच्या रिटर्नमध्ये.

तिसरी, म्हणजे पुस्तिकेतली 'सोपी' जोडणी. रिटर्नच्याच मुख्य डक्टमधून हवा ओढायची आणि थोडं पुढे त्याच डक्टमध्ये ताजी सोडायची. यात दोन गोष्टी चुकल्या तर सगळंच फसतं. एक म्हणजे क्रम. रिटर्नमधली हवा फर्नेसकडे वाहते, म्हणून ओढायचं तोंड प्रवाहात मागे (फर्नेसपासून लांब) आणि ताज्या हवेचं पुढे (फर्नेसच्या बाजूला). उलट केलंत तर एचआरव्ही स्वतःच सोडलेली ताजी हवा पुन्हा ओढून बाहेर टाकतो. दुसरं, दोन तोंडांमध्ये किमान तीन फूट अंतर.

आणि ताज्या हवेचं तोंड फर्नेसला अगदी चिकटून नको. काही पुस्तिका फर्नेसपासून १० फूट मागे सांगतात. हवा नीट मिसळायला तेवढी लांबी लागते. मिसळली नाही तर थंड हवेचा पट्टा हीट एक्स्चेंजरच्या (फर्नेसमधला हवा तापवणारा भाग) एकाच कोपऱ्यावर आदळत राहतो, तिथे पाणी धरतं आणि गंजतं.

पत्र्याची_कात्री

प्रश्न ३ चं उत्तर: 'सोप्या' जोडणीत हो, असलाच पाहिजे. पंखा बंद असला की रिटर्नमध्ये प्रवाहच नसतो. मग ताजी हवा फर्नेसकडे जाण्याऐवजी उलटी वळते, तीन फूट मागे जाऊन ओढायच्या तोंडात शिरते आणि बाहेर. यंत्र गुणगुणतं, बिल येतं, बेडरूमला काही मिळत नाही. लोक म्हणतात 'एचआरव्ही लावला तरी खिडक्या ओल्याच', त्यात हे कारण फार वेळा निघतं.

अर्ध्या स्वतंत्र जोडणीत पंखा बंद असला तरी ओली हवा बाहेर जाते, कारण ती बाथरूममधून येते. फक्त ताजी हवा घरभर फिरत नाही. जवळच्या रिटर्नच्या जाळीतून उलटी गळून तिथेच पसरते.

शून्याखाली

मग ताजी हवा सप्लाय प्लेनममध्येच (फर्नेसमधून तापलेली हवा निघते तो मोठा डक्ट) का सोडू नये? तिथून ती थेट सगळ्या खोल्यांत जाईल.

पत्र्याची_कात्री

नको. तीन कारणं.

सप्लायला दाब धन असतो, त्यामुळे एचआरव्हीच्या चिमुकल्या पंख्याला त्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं आणि ताजी हवा कमी पडते. एचआरव्ही बंद आणि फर्नेस चालू असताना तापवलेली हवा त्याच वाटेने उलटी बाहेर जायला बघते, आणि डॅम्पर (नळीतली झडप) नीट मिटत नसेल तर जातेच. उन्हाळ्यात बाहेरची दमट हवा एसीच्या कॉइलच्या पुढे आत शिरते, म्हणजे कॉइलला तिच्यातलं पाणी काढायची संधीच मिळत नाही. रिटर्नमध्ये सोडली की ती आधी फर्नेसच्या फिल्टरमधून आणि मग कॉइलवरून जाते.

बाष्प

फिल्टरचा मुद्दा महत्त्वाचा. कॅनडातल्या २०२३ च्या वणव्यांनंतर पुष्कळांच्या फर्नेसमध्ये मर्व्ह १३ (बारीक कण अडवणारे) फिल्टर आले. एचआरव्हीच्या आतली जाळी धूळ आणि किडे अडवते, धूर नाही. रिटर्नमध्ये जोडणी असेल तर निदान आत येणारी हवा मर्व्ह १३ मधून गाळली जाते. धूर दाट असेल त्या दिवशी एचआरव्ही बंदच ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

रिटर्नराव

उन्हाळा-हिवाळ्याचा विषय निघालाच आहे तर हिशेब करून ठेवतो.

बाहेर उणे १५, हवा बऱ्यापैकी ओलसर. तरी त्या हवेच्या एका किलोत पाणी जेमतेम ०.८ ग्रॅम. तीच हवा आत येऊन २१ अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ५-६ टक्क्यांवर येते. घरात २१ अंश आणि ४० टक्के असेल तर किलोमागे पाणी ६ ग्रॅमच्या वर. म्हणजे किलोमागे ५.४ ग्रॅम पाणी बाहेर. ८० सीएफएम सतत चालवलंत तर दिवसाला २० लिटर. चौघांचं कुटुंब अंघोळ, स्वयंपाक, श्वास, कपडे मिळून १० लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतं. त्यामुळे सतत चालवलं तर घर ४० टक्क्यांवर टिकणार नाही, खाली खाली जात राहील. खिडक्या कोरड्या होतील आणि मग ओठ फुटायला लागतील.

उन्हाळ्यात तेच उलटं. ओंटारियोतल्या जुलैच्या दमट दिवशी दवबिंदू २० अंश असेल आणि आत २४ अंश, ५० टक्के, तर ८० सीएफएममुळे दिवसाला पुन्हा तेवढंच पाणी आत येतं. बादलीभर पाणी एसीने काढायचं. एचआरव्ही फक्त उष्णतेची देवाणघेवाण करतो, ओलाव्याची नाही.

मीनल_मिनेसोटा

म्हणूनच इकडे ईआरव्ही घ्या म्हणतात. त्याच्या कोअरच्या (जाणारी आणि येणारी हवा शेजारून वाहते तो गाभा) पापुद्र्यातून ओलावाही पलीकडे जातो. हिवाळ्यात घर फार कोरडं पडत नाही, उन्हाळ्यात दमट हवेतला बराच ओलावा बाहेरच अडतो.

@तळघरवासी, यंत्राचा खोका अजून फोडला नसेल तर विचार करा.

एडमंटनकर

मीनलताई, तक्रार खिडकीवरच्या पाण्याची आहे. ओलावा परत आणणारं यंत्र कशाला? चौघांपेक्षा जास्त माणसं, रोजचा कुकर आणि बेसमेंटमध्ये वाळत घातलेले कपडे अशा घराला एचआरव्हीच बरा. दोनच माणसांचं मोठं घर असेल तर ईआरव्ही.

मीनल_मिनेसोटा

मान्य. कपडे आत वाळत घालत असाल तर ईआरव्हीची शिफारस मागे घेते.

तळघरवासी

खोका फोडला आहे. आणि हो, कपडे बेसमेंटमध्येच वाळतात. एचआरव्हीच राहू दे.

किती सीएफएमवर ठेवायचं?

मीनल_मिनेसोटा

अ‍ॅशरे ६२.२ (घरातल्या वायुवीजनाचं अमेरिकन मानक) चं सूत्र: चौरस फूट गुणिले ०.०३, अधिक बेडरूमच्या संख्येत एक मिळवून गुणिले ७.५. तुमचे २१०० चे ६३, आणि पाच गुणिले ७.५ म्हणजे ३७.५. एकूण १००.

रिटर्नराव

ओंटारियोच्या बिल्डिंग कोडात फक्त बेडरूम मोजतात. तीन बेडरूमला सेकंदाला ३० लिटर, चारला ३७.५. एक लिटर म्हणजे २.१२ सीएफएम, म्हणून तुमचे ८०. तुमच्या गावी ८० धरा. १५० ची क्षमता आहे, म्हणजे मंद वेगावर निवांत ८० मिळतील आणि पाहुणे आले, अंघोळी झाल्या की जलद वेग हाताशी राहील.

फोडणी_स्पेशालिस्ट

मुख्य प्रश्न कोणी विचारतच नाही. मिरचीच्या फोडणीचा ठसका एचआरव्हीने जातो का? स्वयंपाकघरात ओट्याच्या वर त्याचं एक तोंड काढलं तर?

पत्र्याची_कात्री

अजिबात नको. तेलाची वाफ कोअरमध्ये जाऊन बसते आणि कोअर चिकट झाला की धूळ धरतो. ओट्यावर वेगळा हूड, बाहेर जाणारा. स्वयंपाकघरातून एचआरव्हीला हवा द्यायचीच असेल तर जाळी शेगडीपासून आडवी चार फूट लांब, वर भिंतीत, मागे धुता येणारी तेलगाळणी. कपड्यांच्या ड्रायरची नळी तर कधीच जोडू नका.

आणि 'सोप्या' जोडणीत फोडणीचा वास रिटर्नमधून घरभर फिरतो हे लक्षात ठेवा. थोडा बाहेर जातो, बाकीचा थेट बेडरूममध्ये.

फोडणी_स्पेशालिस्ट

म्हणजे वरच्या मजल्यावर झोपलेल्यांना जेवायला हाक मारायची गरज नाही. फायदाच.

बाष्प

अवांतर: ओट्यावरचा हूड ४०० सीएफएमच्या वरचा असेल आणि गरम पाण्याची टाकी जुन्या धाटणीची, म्हणजे साध्या चिमणीवर चालणारी असेल, तर हूड लावल्यावर घरात ऋण दाब होऊन चिमणीतला धूर उलटा आत येऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर हवाच. 'एचआरव्ही आहे ना, तो हवा भरून काढेल' हा गैरसमज आहे. एचआरव्ही जितकी हवा आणतो तितकीच बाहेर टाकतो, हूडची तूट तो भरत नाही.

चोवीस_व्होल्ट

प्रश्न ४ कडे वळतो, तो अजून तसाच पडलाय.

एचआरव्हीच्या पाटीवर तीन टर्मिनल असतात: सी (सामाईक), एनओ (एरवी सी पासून तुटलेलं), एनसी (एरवी सी ला जोडलेलं). हा कोरडा संपर्क आहे, त्यात स्वतःची वीज नसते. फर्नेसच्या बोर्डावर आर (२४ व्होल्ट) आणि जी (पंखा). साधी जोडणी अशी की आर आणि जी मधून दोन वायरी आणून सी आणि एनओ ला लावायच्या. एचआरव्ही चालू झाला की आतला रिले मिटतो, आर आणि जी जुळतात, फर्नेसचा पंखा सुरू. १८ गेजची थर्मोस्टॅट वायर पुरते. १२० व्होल्ट त्या टर्मिनलजवळही नेऊ नका, बोर्ड जळेल.

आता तुमच्याकडे एसी आहे, म्हणून इथे सावध. काही जुन्या थर्मोस्टॅटमध्ये जी आणि वाय (एसीचं टर्मिनल) आतून जोडलेले असतात. फर्नेसपाशी जी ला वीज दिली की ती थर्मोस्टॅटकडे उलटी जाते, वाय ला मिळते आणि एसीचा कॉम्प्रेसर चालू होतो. जानेवारीत. तसा थर्मोस्टॅट असेल तर जी ची वायर मध्ये तोडायची: थर्मोस्टॅटकडचं टोक एनसी ला, फर्नेसकडचं टोक सी ला, आणि आर एनओ ला. मग एचआरव्ही चालू असताना थर्मोस्टॅटचा जी तुटलेला असतो, उलटी वीज जायला वाटच नाही. एचआरव्ही बंद असताना सगळं पूर्ववत.

तपासायचं कसं: थर्मोस्टॅट 'हीट' वर, एचआरव्ही चालू करा, बाहेरचं कॉम्प्रेसरचं यंत्र बघा. गप्प असेल तर ठीक. काम करताना फर्नेसचा स्विच बंद. आर चुकून पत्र्याला लागला तर बोर्डावरचा मोटारगाडीच्या फ्यूजसारखा फ्यूज उडतो, तीन किंवा पाच अँपिअरचा. एक जादा आणून ठेवा.

शून्याखाली

पंखा सतत चालवायचा म्हणजे विजेचं बिल?

चोवीस_व्होल्ट

जुन्या पीएससी मोटरला ४०० ते ५०० वॉट. महिनाभर सतत म्हणजे ३०० युनिटच्या आसपास, आणि त्या घरात 'सोपी' जोडणी करूच नये असं माझं मत. ईसीएम मंद वेगावर ८० वॉटच्या आसपास घेते, महिन्याला ६० युनिटही नाहीत. धागाकर्त्याकडे ईसीएम आहे, चिंता नाही. एचआरव्हीला 'तासात २० मिनिटं' असा मोड असतो, त्यावर ठेवलं तर अजून कमी.

कोकणी_इन_कॅलगरी

वर रिटर्नरावांनी १० फूट सांगितलं. बेसमेंटमध्ये फर्नेस कोपऱ्यात आणि रिटर्नचा मुख्य डक्ट सहा फुटांत संपतो, अशी घरं भरपूर आहेत. तिथे काय करायचं? आणि तापमानाची एवढी भीती खरंच आहे का?

रिटर्नराव

भीती आकड्यात बघू. बाहेर उणे २०, आत २१, कोअरची कार्यक्षमता ७० टक्के. ताजी हवा साधारण ९ अंशांना आत येते. फर्नेस मंद टप्प्यावर ६०० सीएफएम, त्यात ८० ही, बाकी ५२० घरातली २१ अंशांची. मिश्रण १९.४. फर्नेसवाले सहसा परतीची हवा १३ ते १५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका म्हणतात. आपण बरेच वर आहोत.

आता एचआरव्ही न लावता बाहेरून थेट सहा इंची नळी रिटर्नला जोडणारे असतात, त्यांचा हिशेब: तेच ८० सीएफएम उणे २० ला. मिश्रण १५.५. काठावर. थंडी वाढली की खाली.

म्हणजे सरासरी तापमानाचं भय एचआरव्हीत नाही, भय आहे ते न मिसळण्याचं. सहा फूटच मिळत असतील तर मध्ये एखादं वळण असेल तिथे त्याच्या मागे जोडा, वळणात हवा चांगली घुसळते. पुस्तिका १० सांगत असेल आणि तेवढी जागा नसेल तर थेट जोडूच नका. ताज्या हवेची नळी रिटर्नच्या जाळीसमोर आणून वीतभर अंतर सोडून द्या. जाळी ती हवा ओढून घेते, आणि फर्नेसचा पंखा बंद असला तरी एचआरव्हीचा तोल (आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा सारखी असणं) बिघडत नाही.

पत्र्याची_कात्री

त्या वीतभर अंतराला एक अट. जाळी फर्नेसच्याच बंद खोलीत नको. अशा खोलीत रिटर्नची जाळीच असू नये, चिमणीचा धूर ओढला जातो.

आणखी एक. जॉइस्टच्या (छतातल्या आडव्या तुळया) मधल्या पोकळीला खालून पत्रा ठोकून केलेला रिटर्न असतो ना, त्यात एचआरव्ही जोडू नका. तो चाळणीसारखा गळतो. मुख्य पत्र्याच्या डक्टलाच जोडा, बाजूने किंवा वरून.

बाष्प

मला 'सोपी' जोडणी मुळातच पटत नाही. तळघरवासींच्या घरात ओलावा तयार होतो बाथरूममध्ये आणि बेसमेंटच्या दोरीवर. रिटर्नमधून हवा ओढणं म्हणजे तो ओलावा आधी घरभर पसरू द्यायचा आणि मग पातळ झालेला थोडाथोडा बाहेर काढायचा. बेसमेंटमध्ये बाथरूम असेल किंवा तळमजल्यावरच्या बाथरूमची फरशी खालून उघडी असेल तर तिथपर्यंत डक्ट नेणं अवघड नाही.

रिटर्नराव

तत्त्वतः सहमत. पण वरची दोन बाथरूम सुटली तर तिथे जुने पंखे राहणारच. मग त्या एका खालच्या बाथरूमसाठी एवढा आग्रह का?

बाष्प

बाथरूमपेक्षा दोरीसाठी. ओढायची जाळी कपड्यांच्या वर, छताजवळ ठेवली की दोन बादल्या धुण्याचं पाणी वर चढायच्या आधीच बाहेर. फर्नेसचा पंखा बंद पडला तरी काम अडत नाही. आणि यंत्राचा पंखा रिटर्नच्या ऋण दाबाशी झगडत बसत नाही.

रिटर्नराव

दोरीचा मुद्दा मान्य. मी 'सोप्या'च्या बाजूने होतो, या घरापुरता मत बदलतो.

दाबाचं थोडं स्पष्ट करतो, कारण तोल बसवताना तेच नडतं. फर्नेसजवळ रिटर्नमध्ये ऋण दाब २५ ते ४० पास्कल सहज असतो. ताजी हवा तिथे सोडली की रिटर्न ती स्वतःहून ओढतो, ठरल्यापेक्षा जास्त येते. ओढायचं तोंड बेसमेंटच्या मोकळ्या हवेत असेल तर तिथे अशी मदत नाही. परिणाम: आत जास्त, बाहेर कमी, घर धन दाबाखाली. हिवाळ्यात धन दाबाचं घर आपली ओली हवा भिंतींच्या फटींतून बाहेर ढकलते आणि ती भिंतीच्या आत गोठते. ऋण दाब झाला तर जमिनीतला रेडॉन (किरणोत्सारी वायू) आणि चिमणीची हवा आत. दोन्ही नको.

म्हणून तोल बसवायचा तो फर्नेसचा पंखा जलद वेगावर ठेवून, दारंखिडक्या बंद, ड्रायर आणि हूड बंद. दोन्ही प्रवाहांत फरक १० टक्क्यांच्या आत. जास्त असेल त्या बाजूचा डॅम्पर थोडा मिटवायचा. डॅम्पर नेहमी घराकडच्या उबदार नळ्यांवर बसवतात, बाहेरच्या थंड नळ्यांवर बसवले तर त्यांच्यावर बर्फ धरतो.

शून्याखाली

मोजायचं कशाने? ते गेजवालं उपकरण महाग असतं.

एडमंटनकर

भाड्याने मिळतं. नाहीतर कचऱ्याच्या पिशवीची देशी पद्धत. चार फुटी मोठी पिशवी, तोंडाला तारेच्या हँगरचं कडं. चपटी करून बाहेर टाकणाऱ्या हूडवर धरा, फुगायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग हवा भरून आत घेणाऱ्या हूडवर धरा, रिकामी व्हायला किती सेकंद ते मोजा. दोन्ही जवळपास सारखे हवेत. वारा असेल त्या दिवशी करू नका. हा अंदाज आहे, नोंदवायचा आकडा नव्हे, पण मोठी चूक लगेच पकडतो.

सदाशिव_पेठ_सोडून

उणे वीसमध्ये घराबाहेर कचऱ्याची पिशवी धरून सेकंद मोजणारा माणूस. शेजारी काय म्हणत असतील?

मीनल_मिनेसोटा

शेजारी विचारतील, 'आमचंही मोजून देता का?'

बाहेरच्या हूडबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून: आत घेणारा आणि बाहेर टाकणारा यांच्यात सहा फूट. आत घेणारा जमिनीपासून, खरं तर बर्फाच्या नेहमीच्या थरापासून, १८ इंच वर. ड्रायरचं तोंड, गॅस मीटर, गाडी उभी राहते ती जागा यांपासून दूर. आत घेणाऱ्या हूडला पाव इंची जाळी. त्याहून बारीक लावली तर पॉप्लरच्या कापसाने जूनमध्येच बुजते.

रिटर्नराव

कॅनडात गॅसच्या उपकरणाचं भिंतीतलं धुराडं आणि यंत्राने हवा घेणारं तोंड यांच्यातही सहा फूट ठेवावे लागतात. फर्नेसची पांढरी प्लॅस्टिकची नळी कुठे निघते ते आधी बघा, मगच भिंतीला भोक पाडा.

बाष्प

बाहेरच्या दोन्ही नळ्या इन्सुलेटेड हव्यात. दोन्ही. बाहेर टाकणारीही, कारण कोअरमधून निघालेली हवा गार झालेली असते आणि तिच्या नळीवर बेसमेंटची दमट हवा पाणी धरते. त्या नळीवरचं प्लॅस्टिकचं आवरण यंत्राच्या कॉलरला आणि भिंतीला हवाबंद टेपने चिकटवा. तिथे बोटभर फट राहिली तर आतली लोकर ओली होऊन नळी पोटातून लोंबते. लवचीक नळी ताणून लावा, सुरकुतलेली ठेवली की प्रवाह घटतो.

टेप फॉइलचा, डक्टवर चालणारा. 'डक्ट टेप' नावाची ती करडी कापडी पट्टी सोडून कशावरही भरवसा ठेवा, दोन हिवाळ्यांत वाळून गळते.

तळघरवासी

सगळ्यांचे आभार. बराच गोंधळ मिटला. ठरवलं ते असं:

ओढायच्या दोन जाळ्या. एक बेसमेंटमध्ये कपड्यांच्या दोरीवर, एक तळमजल्याच्या बाथरूममध्ये खालून. ताजी हवा रिटर्नच्या मुख्य डक्टमध्ये, फर्नेसपासून ११ फुटांवर, बाजूने. मध्ये एक वळण आहे. वायर एनसीवाल्या पद्धतीने, कारण थर्मोस्टॅट घराइतकाच जुना आहे. मंद वेग ८० सीएफएम, आर्द्रता ३५ टक्क्यांवर. परमिट आणि १२० व्होल्टचं सॉकेट यांचं काम परवानाधारकाकडे.

काही सुटलंय का? आणि सुरुवात कुठून करू?

एडमंटनकर

बाहेर उणे वीसच्या खाली गेलं की ३५ चे ३० करा, नाहीतर खिडक्या पुन्हा रडतील.

पत्र्याची_कात्री

ड्रेन सुटलाय. कोअरखालच्या ट्रेमधून अर्ध्या इंची नळी निघते. तिला गोल वळसा घालून त्यात पाणी भरायचं आणि टोक फरशीच्या जाळीच्या थोडं वर ठेवायचं, आत खुपसायचं नाही. वळशात पाणी नसेल तर यंत्र गटाराची हवा ओढतं. उन्हाळ्यात ते पाणी सुकतं, ऑक्टोबरात पुन्हा भरा. यंत्र थोडंसं ड्रेनच्या बाजूला कलतं टांगा, आणि पट्ट्यांवर टांगा, जॉइस्टला स्क्रूने घट्ट आवळू नका. नाहीतर वरच्या खोलीत रात्रभर घुंऽऽ.

क्रम: आधी यंत्र टांगा, मग बाहेरची भोकं आणि थंड नळ्या, मग ड्रेन, मग घरातल्या ओढायच्या नळ्या. रिटर्नला भोक सगळ्यात शेवटी, म्हणजे तोवर फर्नेस चालू राहील.

भोक पाडताना फर्नेसचा स्विच बंद, फिल्टर जागेवर. सहा इंची दातेरी कॉलर पत्र्यावर धरून आतल्या बाजूने पेन्सिलने गोल काढा. मधोमध ड्रिलने भोक, तिथून गोगलगायीसारखं गोल गोल रेषेपर्यंत कापत या. लाल मुठीची कात्री डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. चुकीची घेतलीत तर पत्रा वाकडा होतो आणि कॉलर बसत नाही. दात आतून दुमडा, तीन स्क्रू, वरून मॅस्टिक (फटी बुजवणारा लेप). पत्र्याची कीस व्हॅक्यूमने काढल्याशिवाय स्विच लावू नका.

तळघरवासी

माझ्याकडे फक्त पिवळ्या मुठीची कात्री आहे.

पत्र्याची_कात्री

ती सरळ कापायची. लाल आणा.